पहिल्या हंगामाचं बिल

जानेवारी 1950. फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरातला पाल्मा सिया क्लब. बायकांच्या व्यावसायिक गोल्फची नवीकोरी मालिका इथून सुरू झाली, आणि तिची पहिलीच स्पर्धा जिंकली पॉली रायलीने, जी व्यावसायिक नव्हतीच. हौशी खेळाडू म्हणून नोंद असल्यामुळे बक्षिसाच्या रकमेला तिला हात लावता येत नव्हता. मागे राहिलेल्यांत लुईस सग्ज होती. आधल्याच वर्षी अमेरिकेची महिला ओपन तिने 14 फटक्यांच्या फरकाने जिंकली होती. पोटापाण्यासाठी खेळणाऱ्यांची मालिका सुरू व्हावी आणि पहिल्याच घासाला असा खडा लागावा! रायली पुढेही कधी व्यावसायिक झाली नाही. तिचा निर्णय चुकला असं म्हणवत नाही, कारण त्या वर्षी पूर्ण हंगामाची बक्षिसं एकत्र केली तरी रक्कम 50 हजार डॉलरच्या घरात जात होती. स्पर्धा पंधराच्या आसपास. एवढ्यात सगळ्यांनी भागवायचं.

एलपीजीए (लेडीज प्रोफेशनल गोल्फ असोसिएशन), म्हणजे आज जगातली सर्वांत श्रीमंत महिला गोल्फ मालिका, ती ही. 2024 मध्ये तिच्या शेवटच्या स्पर्धेत एकट्या विजेतीला 40 लाख डॉलर मिळाले. या दोन आकड्यांमधला प्रवास सांगायची एक ठरलेली पद्धत आहे: तेरा जिद्दी संस्थापक बायका, हालअपेष्टा, स्वप्न आणि शेवटी वैभव. मला ही गोष्ट अर्धवट वाटते. तिच्यात सोसण्याचं कौतुक भरपूर आणि मालकीचं नाव नाही. आपल्याकडे बायकांच्या खेळात पहिल्यांदाच खरा पैसा येत असताना ही गाळलेली बाजू वाचण्यासारखी आहे. गोल्फ म्हटल्यावर ‘तो साहेबांचा खेळ, आपल्याला काय त्याचं’ असं म्हणणाऱ्यांनीही. चेंबूरला प्रेसिडेन्सी क्लबच्या भिंतीपलीकडची हिरवळ फक्त येताजाता पाहणाऱ्यांपैकीच मी एक आहे. मुद्दा त्या हिरवळीचा नाही.

आधी थोडं मागे जाऊ. 1950 हा पहिला प्रयत्न नव्हताच. 1944 मध्ये होप सेग्नियस, बेटी हिक्स आणि एलन ग्रिफिन या तिघींनी महिला व्यावसायिकांची एक संस्था काढली होती. 1946 ची पहिली महिला ओपन याच संस्थेने वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन गावी भरवली. बक्षिसाची रक्कम 19,700 डॉलर, तीही युद्धरोख्यांच्या रूपात. आणि आली कुठून? गावातल्या एका क्लबच्या जुगाराच्या यंत्रांमधून. पॅटी बर्ग ती स्पर्धा जिंकली. पण संस्था चालली ती सेग्नियसच्या धडपडीवर आणि तिच्या वडिलांच्या खिशावर. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या किती दिवस भाजणार? चार-पाच वर्षांत ती थकली, संस्थाही थकली. मात्र संस्थेचं नाव आणि सनद सोडायला ती तयार नव्हती. म्हणून नव्या लोकांनी ‘विमेन्स’ऐवजी ‘लेडीज’ लावलं. आज त्या शब्दात लोकांना जुन्या वळणाची अदब दिसते. खरं कारण एवढंच की दुसरं नाव अडलेलं होतं.

नव्या संस्थेला मात्र वडिलांचा खिसा नव्हता, कंपन्या होत्या. खेळाचं सामान बनवणाऱ्या विल्सन कंपनीने फ्रेड कॉर्कोरन या मुरलेल्या माणसाला व्यवस्थापक म्हणून बसवलं. पुरुषांच्या मालिकेचा गाडा त्याने आधी हाकला होता आणि बेब झहारियस या तेव्हाच्या गाजलेल्या खेळाडूचं कामकाजही तोच बघायचा. विल्सनला बायकांसाठीच्या गोल्फच्या काठ्या विकायच्या होत्या, आणि विकायच्या तर त्या वापरणाऱ्या बायका लोकांना दिसायला हव्या होत्या. दुसरा पैसा आला आल्विन हँडमाखरकडून. ‘वेदरव्हेन’ नावाचे बायकांचे सूट तो शिवून विकायचा. त्याने देशाच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्वेकडे सरकत जाणारी स्पर्धांची साखळीच लावून दिली. सुरुवात पेबल बीचला, आणि सगळ्या टप्प्यांत मिळून पहिली येईल तिला 5 हजार डॉलर जादा. पहिल्या वर्षी ते बेबने नेले.

कंपन्यांचा हा हिशेब मला अजिबात खटकत नाही. ‘बायकांचा खेळ कोण बघतं?’ हा प्रश्न 1950 मध्येही विचारला जात होता आणि उत्तर आजच्यापेक्षा वाईट होतं. तरी दोन व्यापाऱ्यांना त्यात धंदा दिसला. खेळाला बाजार असतो का, हा प्रश्नच जरा चुकीचा आहे. बाजार कोणी तरी उभा करावा लागतो, आणि उभा करणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते. विल्सनने व्यवस्थापकाचा पगार मोजला, हँडमाखरने बक्षिसं मोजली. उरलेलं सगळं खेळाडूंनी मोजलं.

उरलेलं म्हणजे काय, ते जरा बारकाईने पाहू. गावोगाव स्वतःच्या मोटारी हाकत जायचं, एकामागोमाग एक. पोहोचल्यावर मैदान पाहायचं, झेंडे कुठे रोवायचे ते ठरवायचं, कोणाची जोडी कोणाशी ते लावायचं, नियमांवरून भांडण झालं तर निवाडा द्यायचा, जमाखर्च ठेवायचा, गावातल्या वर्तमानपत्राला बातमी पाठवायची, संध्याकाळी प्रायोजकांच्या मेजवानीत हसून बोलायचं. आणि या सगळ्यातून वेळ काढून गोल्फ खेळायचं. मॅरिलिन स्मिथ तर बेसबॉलच्या मैदानात जाऊन फटके मारून दाखवायची आणि लोकांना म्हणायची, या आमचा खेळ बघायला. या बायकाही काही साध्यासुध्या नव्हत्या. हेलन डेटवायलर महायुद्धात विमानं चालवून आली होती. ओपल हिल मुळात परिचारिका. मार्लिन बाउर तर जेमतेम सोळा वर्षांची, थोरली बहीण ॲलिसबरोबर आलेली.

याच वर्षी पुरुषांत सॅम स्नीडने 35 हजार डॉलरहून जास्त कमावले. बायकांत अव्वल ठरलेल्या बेब झहारियसने कमावले 14,800. म्हणजे बायकांच्या पूर्ण मालिकेची पुंजी स्नीडच्या एकट्याच्या कमाईच्या दीडपटीलाही पोहोचत नव्हती. जूनमध्ये बेन होगनने जीवघेण्या अपघातातून सावरून मेरियनला यूएस ओपन जिंकली. गोल्फची थोडीफार माहिती असलेल्या माणसाला ती कथा तोंडपाठ असते. सप्टेंबरअखेर कॅन्ससमधल्या विचिटा इथे बेबने महिला ओपन जिंकून त्या वर्षातल्या तिन्ही मोठ्या स्पर्धा खिशात घातल्या, ते क्वचितच कोणाला आठवतं. त्याच विचिटात संस्थेची घटना कागदावर आली.

बेबविषयी थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण हंगाम तिच्यामुळे तरला आणि तिच्यामुळेच त्यात वितुष्टही आलं. 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तिने भालाफेक आणि अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्ण आणि उंच उडीत रौप्य मिळवलं होतं. गावात बेब येणार म्हटलं की तिकिटं खपायची. ती प्रेक्षकांशी बोलायची, विनोद करायची, प्रतिस्पर्ध्यांना चिडवायची. हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून प्रायोजकांकडून बक्षिसाखेरीज नुसत्या हजेरीचे पैसेही ती मागायची. सग्जला हे आवडत नसे. दोघींचं कधी जमलं नाही. सग्जला वाटायचं, खेळ बोलू दे. बेबला वाटायचं, खेळ बोलतो पण ऐकायला माणसं कोण आणतं?

दोघींचंही बरोबर होतं असं म्हणून मी सुटका करून घेणार नाही. माझ्या मते त्या वर्षीपुरतं बेबचं बरोबर होतं आणि पुढच्या पन्नास वर्षांसाठी सग्जचं. एका नावावर चाललेला धंदा त्या नावाबरोबर बसतो. बेबला 1953 मध्ये आतड्याचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने तिने महिला ओपन 12 फटक्यांनी जिंकून दाखवली आणि 1956 मध्ये, 45 व्या वर्षी ती गेली. मालिका मात्र थांबली नाही. ती थांबली नाही याचं कारण संस्था बेबची नव्हती. कॉर्कोरनची, विल्सनची किंवा हँडमाखरचीही नव्हती. पहिली अध्यक्ष पॅटी बर्ग, स्वतः खेळाडू. कार्यकारिणी खेळाडूंची. संस्थापकांच्या यादीत बेब एक आणि सोळा वर्षांची मार्लिनही एकच.

मालकी म्हणजे काय हे कळायला 1960 च्या दशकातला एक प्रसंग पुरेसा आहे. टेनिसमध्ये विम्बल्डन जिंकून आलेली अल्थिया गिब्सन गोल्फकडे वळली आणि या मालिकेत खेळणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. काही क्लब तिला कपडे बदलायच्या खोलीतही येऊ देत नसत. ती गाडीत बूट बदलायची. तेव्हा मालिकेचा संचालक असलेल्या लेनी वर्ट्झने आयोजकांना सांगितलं की खेळलो तर सगळे, नाही तर कोणीच नाही. एकटी गिब्सन हे म्हणू शकली नसती, आणि कंपनीच्या मालकीची मालिका असती तर कंपनीने आधी गिऱ्हाइकं मोजली असती. शेजारी पीजीए या पुरुष व्यावसायिकांच्या संघटनेच्या घटनेत फक्त गोऱ्यांना सदस्यत्व देणारं कलम होतं, ते 1961 पर्यंत. बायकांच्या घटनेत तसं कलम कधीच नव्हतं. म्हणून त्या संत होत्या असं नाही. संस्थापक तेराच्या तेरा गोऱ्याच होत्या, आणि गिब्सनला यायला चौदा वर्षं लागली. पण अंगावर आलं तेव्हा नाही म्हणण्याची सत्ता त्यांच्या हातात होती.

आता माझ्याच म्हणण्याविरुद्धचा पुरावा, कारण तो दडवला तर हा लेख जाहिरात होईल. 1972 मध्ये जेन ब्लेलॉक या तेव्हा जोरात असलेल्या खेळाडूवर, हिरवळीवर चेंडूची खूण सरकवल्याचा आरोप आला. खेळाडूंच्या कार्यकारिणीने तिला वर्षभर निलंबित केलं. म्हणजे ती बाहेर गेली तर ज्यांची कमाई वाढणार, त्याच बायका न्यायासनावर. ब्लेलॉक न्यायालयात गेली आणि मक्तेदारीविरोधी कायद्याच्या आधारे जिंकली. आरोप खरा की खोटा हा प्रश्नच तिथे आला नाही. स्पर्धकांनी स्पर्धकाला बाजाराबाहेर काढणं हेच बेकायदा ठरलं. त्यानंतर 1975 मध्ये संस्थेने बाहेरचा पूर्णवेळ आयुक्त नेमला. मला यात खेळाडूंच्या मालकीचा पराभव दिसत नाही. सोसायटीच्या सभासदांनी सोसायटी चालवावी, पण शेजाऱ्याच्या पाण्याचा नळ तोडायचा निर्णय शेजाऱ्यांकडे देऊ नये, इतकी साधी ही गोष्ट आहे. पण ही गोष्ट शिकायलाही त्यांना बावीस वर्षं आणि एक खटला लागला, हे कबूल करायला हवं.

पुरुषांचा रस्ता तर याहून लांबचा. 1916 ची पीजीए ही मुळात क्लबांमध्ये शिकवणाऱ्या, दुकान सांभाळणाऱ्या व्यावसायिकांची संघटना. गावोगाव स्पर्धा खेळणाऱ्यांना तिच्यात आपला आवाज ऐकू येईना, म्हणून 1968 मध्ये ते फुटून निघाले आणि त्यातून आजची पीजीए टूर झाली. बायकांनी जे पहिल्याच वर्षी केलं ते पुरुषांना बावन्न वर्षांनी करावं लागलं. नाइलाजाने का होईना, बायका पुढे होत्या. त्यांच्या मालिकेवर हक्क सांगायला दुसरं कोणी आलंच नव्हतं.

आणि इथे मला पुणं आठवतं. एप्रिल 1973 मध्ये बायकांची पहिली आंतरराज्य क्रिकेट स्पर्धा पुण्यात झाली. संघ तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्याच वर्षी उभी राहिलेली महिला क्रिकेट संघटना पुढची तेहेतीस वर्षं जशी जमेल तशी चालली. अनारक्षित डब्यातून प्रवास, शाळांमध्ये मुक्काम, सामान स्वतःच्या खांद्यावर. डायना एडुलजी, शांता रंगास्वामी, शुभांगी कुलकर्णी यांची पिढी या वाटेने गेली. 2005 मध्ये भारतीय संघ विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला, त्या स्पर्धेत सामन्याला हजार रुपये मिळाल्याचं मिताली राजने सांगितलं आहे. 2006 मध्ये संघटना बीसीसीआयमध्ये विलीन झाली. तेव्हा संघटनेच्या सचिव पुण्याच्या शुभांगी कुलकर्णीच होत्या.

विलीनीकरण चूक होतं असं मी म्हणत नाही. हजार रुपयांत खेळणाऱ्या मुलींना मंडळाच्या तिजोरीपासून दूर ठेवणं हा क्रूरपणा झाला असता. फळंही मिळाली. ऑक्टोबर 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय सामन्यांचं मानधन पुरुषांइतकं झालं: कसोटीला 15 लाख, एकदिवसीय सामन्याला 6 लाख, टी-ट्वेंटीला 3 लाख. 2023 मध्ये महिला प्रीमियर लीग आली. पाच संघांचे हक्क 4,669.99 कोटींना गेले, प्रक्षेपणाचे पाच वर्षांचे हक्क 951 कोटींना. सांगलीच्या स्मृती मानधनाला बंगळुरूने 3 कोटी 40 लाखांना घेतलं. पहिला हंगाम पूर्ण मुंबईत, ब्रेबर्न आणि डी. वाय. पाटील मैदानांवर झाला. त्याच डी. वाय. पाटीलवर नोव्हेंबर 2025 मध्ये या मुलींनी विश्वचषक उचलला.

मग तक्रार कसली? तक्रार नाही, एक हिशेब मांडतो. 951 कोटी भागिले पाच, म्हणजे वर्षाला 190 कोटींच्या आसपास नुसत्या प्रक्षेपणाचे. पहिल्या वर्षी खेळाडूंवर खर्च करायला प्रत्येक संघाला मर्यादा होती 12 कोटींची, म्हणजे पाचही संघांची मिळून 60 कोटींची. हे प्रमाण योग्य असेल, उदारही असेल. नवी लीग आहे, मालकांनी जोखीम घेतली आहे, हे मला मान्य. पण 12 कोटी हा आकडा ठरला त्या खोलीत खेळणाऱ्यांच्या बाजूने कोण बसलं होतं? आजी खेळाडूंच्या वतीने बोलणारी मान्यताप्राप्त संघटनाच आपल्याकडे नाही. लोढा समितीच्या शिफारशींनंतर 2019 मध्ये जी संघटना आली ती माजी खेळाडूंची. तिचे प्रतिनिधी मंडळाच्या सर्वोच्च परिषदेवर बसतात, त्यात एक महिलाही असते, आणि ते चांगलंच आहे. पण तिचं सभासद व्हायला आधी निवृत्त व्हावं लागतं. कारखान्यातून बाहेर पडल्यावर युनियनमध्ये यायला मिळावं, तसं हे. हे पुरुष खेळाडूंनाही लागू आहे, मात्र त्यांच्यातल्या मोठ्या नावांचं वजन पडद्यामागे चालतं. लिलावात दहा लाखांना गेलेल्या एखाद्या तालुक्याच्या मुलीचं वजन कुठे चालणार?

यावर नेहमीचं उत्तर येतं: ‘मंडळ स्वतःहून एवढं देतंय, मग कशाला भांडायचं?’ 1950 च्या हंगामाकडे पाहून मला वाटतं, भांडायची वेळ पैसा नसतानाच असते असं नाही, पण मालकीचे कागद मात्र सुरुवातीलाच व्हावे लागतात. नंतर प्रत्येक खुर्चीवर कोणी तरी बसलेलं असतं. हँडमाखर पैसे देत होता, विल्सन पगार देत होती, तरी घटनेत त्यांचं नाव नव्हतं. देणारा आणि मालक हे दोन वेगळे असू शकतात. आपल्याला ही गोष्ट खरं तर नवी वाटू नये. सहकारी साखर कारखान्यांचं राज्य आहे हे. कर्ज बँकेचं असतं, पण मत ऊस घालणाऱ्या सभासदाचं असतं. त्या मताचं पुढे काय होतं हा वेगळ्या लेखाचा विषय, आणि ब्लेलॉकच्या खटल्याइतकाच अस्वस्थ करणारा.

क्रिकेटमध्येही दुसरा रस्ता आहे. 2017 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंनी मंडळाशी करारावरून महिनाभराहून अधिक काळ झगडा केला. मंडळाला उत्पन्नातला वाटा देण्याची पद्धत मोडायची होती. खेळाडूंच्या संघटनेने ती टिकवली आणि त्या करारात पहिल्यांदाच बायकाही वाटेकरी झाल्या. स्टीव्ह स्मिथ आणि एखादी राज्य संघात खेळणारी मुलगी एकाच कागदाखाली आल्या. आपल्याकडे असं झालं तर आभाळ कोसळेल असं मंडळातल्या लोकांना का वाटतं कळत नाही. तिकडे तर अजून क्रिकेट चालू आहे.

गोल्फपुरतं बोलायचं तर बंगळुरूची अदिती अशोक 2017 पासून याच एलपीजीए मालिकेत खेळते. टोकियोत पदकापासून एका फटक्याने हुकून ती चौथी आली, तेव्हा पहाटे उठून गोल्फ पाहणारे लाखो भारतीय एका रात्रीत तयार झाले होते. बाजार नव्हता तो असा उभा राहिला, दोन दिवसांपुरता का होईना.

तेरा संस्थापकांना जागतिक गोल्फच्या हॉल ऑफ फेममध्ये एकत्र घेण्याचा निर्णय मार्च 2022 मध्ये जाहीर झाला. तेव्हा दोघीच हयात होत्या, शर्ली स्पोर्क आणि मार्लिन. स्पोर्क पुढच्याच महिन्यात गेली, मार्लिन 2023 च्या मेमध्ये. 2011 मध्ये या संस्थापकांच्या नावाने एक स्पर्धा सुरू झाली, आणि ज्यांना शक्य होतं त्या म्हाताऱ्या बायका अठराव्या होलपाशी खुर्च्या टाकून बसायच्या. खेळ संपवून येणारी प्रत्येक मुलगी, मग ती कोरियाची असो की थायलंडची, आधी त्यांच्याशी हात मिळवायला जायची. पॉली रायलीचं नाव तेरांच्या यादीत नाही. ती हौशी होती ना.